घरून आणलेली डबी

सोमवारी तिचं पोट उघडायचं ठरलं होतं. मूल व्हावं म्हणून दोन वर्षं सुया टोचून घेतल्या, गोळ्यांनी अंग सुजलं, शिलाई मशीनवर बसवेना, आणि आता हे. वर सासूबाईंचं तुणतुणं चालूच: "माझ्या मुलात खोट नाही. कागद आहे तसा."

कागद होता खरा. दोन वर्षांपूर्वीचा, नवऱ्याच्या तपासणीचा, अगदी अव्वल. सासूबाईंनी तो कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली जपून ठेवला होता. वांझ म्हणायला पुरावा लागतो ना!

ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी मात्र नवऱ्याची वीर्यतपासणी पुन्हा मागितली. नवरा बेकरीत दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा. "दवाखान्यात नाही जमणार मला, घरून आणतो," म्हणाला. सकाळी वरच्या मजल्यावर धाकट्या भावाकडे चहाला गेला आणि तिथूनच डबी खिशात घालून परस्पर देऊन आला. मागच्या खेपेलाही असंच केलं होतं. तिला तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढलं.

"ही वृषणं. शरीराबाहेर लोंबतात, कारण शुक्राणू तयार व्हायला थंडावा लागतो. एक शुक्राणू घडायला दोन-अडीच महिने जातात. मग ते या नळीतून वर येतात आणि वाटेत ग्रंथींचा द्रव त्यांना मिळतो. तुमच्या डबीत द्रव भरपूर आहे, शुक्राणू एकही नाही. एक तर ते घडत नाहीत, नाहीतर वाट बंद आहे."

नवरा ताडकन उठला. "शक्यच नाही! त्याला दोन मुलं आहेत!"



"कोणाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नवरा पुन्हा खुर्चीत बसला. तिच्या मात्र डोक्यात सणक गेली. कालचा चहा, दोन वर्षांपूर्वीचा चहा, कपाटातला कागद, सगळं एका धाग्यात ओवलं गेलं.

"वाट बंदच आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी कापून घेतली. माझ्या दिरानं. जावेनं सांगितलं होतं मला. थोरल्या भावाला सांगायची लाज वाटली असेल त्याला."

काय हे भाऊ! एकाला नसबंदी सांगवेना, दुसऱ्याला भीती सांगवेना; दोघांची मर्दानगी एका डबीत, आणि सुया मात्र हिच्या अंगात.

"भट्टीपुढे उभा असतो मी," नवरा पुटपुटला. "बरोबरीची माणसं म्हणायची, उष्णतेनं पुरुष कामातून जातो. काही वाईट निघालं असतं तर..."

"तर मला दोन वर्षं टोचून वर कापायला निघाला नसतास तू!" लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघालं.

"आईला सांगू नकोस. पाया पडतो."

तिने ऑपरेशनच्या संमतीचा कागद उचलून टराटरा फाडला. नर्सकडून कोरी डबी मागून घेतली आणि त्याच्या हातात कोंबली.

"त्या दारामागे जा. बाहेर मी उभी आहे."

तो मान खाली घालून आत गेला. कडी लागल्याचा आवाज आला, तशी तिने पर्समधून फोन काढला.

"सासूबाई, कपाटातला तो कागद काढा. तो तुमच्या मुलाचाच आहे, पण धाकट्याचा."