इंजेक्शनचा मंगळवार

बारकीला तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा सासूने बाळाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "चहा कुणी टाकलाय का?"

बारकी म्हणजे घरातली धाकटी सून. अंगाने काडी, म्हणून सगळे बारकीच म्हणायचे. थोरली जाऊ तिच्याहून बरीच मोठी, हाडापेराने दणकट. तिला मूल नव्हतं. दोघी एकाच शेडमध्ये कामाला जायच्या. पँटींना चेन लावायची, दोरे कापायचे, गठ्ठे बांधायचे. दोघींचे नवरे रंगारी. एका खोलीत मधोमध पडदा लावून दोन संसार चालले होते, आणि सासू दाराशी खाट टाकून दोन्हींवर नजर ठेवायची.

मंगळवारी शेड सुटली की तिथल्याच इस्त्रीवालीच्या खोलीत बचत गटाची बैठक भरायची. महिन्यातल्या एका मंगळवारी तिथे दवाखान्यातली नर्सही यायची. विचार साधा होता. पैसे साठवायला म्हटलं की घरचे बाईला सोडतात, दवाखान्यात म्हटलं की शंभर प्रश्न विचारतात. मग दवाखानाच बैठकीला आणलेला बरा. हप्ते भरून झाले की कपड्यांच्या ढिगाआड नर्स एकेकीला बोलवायची; कुणाला पाळणा लांबवायच्या गोळ्या, कुणाला त्याचंच तीन महिन्यांचं इंजेक्शन. बारकी इंजेक्शन घ्यायची. घरी सांगायचं नाही, हे कुणी न ठरवताच ठरलेलं होतं. दंड दुखला की ती म्हणायची, गठ्ठे उचलून भरून आलाय.

थोरलीही गटात होती. तिचा नंबर आला की नर्स जरा हसून पुढच्या बाईकडे वळायची. नर्सच्या मनात काही नसायचं, पण थोरलीला ते हसू कितीतरी दिवस सलायचं.

एकदा नळावर सासू चारचौघींदेखत थोरलीला वांझोटी म्हणाली. तो शब्द थोरलीच्या अंगवळणी पडला होता. पण सासू पुढे म्हणाली की बारकीला निदान आशा तरी आहे, आज ना उद्या नातू देईल. तेव्हा थोरलीचा तोल गेला.

"कसला नातू? दर तीन महिन्यांनी सुई टोचून घेते ती."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण सासू बादली तिथेच टाकून घराकडे निघाली होती.

नवऱ्याने बारकीवर हात उचलला नाही. शेजारी म्हणाले, माणूस समजूतदार आहे. त्याने फक्त तिचा गट बंद केला. सासू इस्त्रीवालीकडे जाऊन बारकीची बचत घेऊन आली, आणि मंगळवारी नवरा शेडच्या फाटकाशी येऊन थांबू लागला. पैसा आणि औषध एकाच दाराने आली होती. ते दार लागलं तशी दोन्ही गेली. इस्त्रीवालीने नर्सला घरी पाठवून पाहिलं. सासूने तिला उंबऱ्यातच पाणी दिलं आणि उंबऱ्यातूनच वाटेला लावलं.

मग थोरलीने शेडमध्ये गोळ्यांचं एक पाकीट बारकीच्या गठ्ठ्यात सरकवलं. बारकीने ते परत केलं.

"ठेवू कुठे, जाऊबाई? आपल्या घरात लपवायला पोटाशिवाय जागा आहे का?"

तिला दिवस गेले. सासू रोज पेलाभर दूध देऊ लागली. बारकी थोरलीशी पूर्वीसारखीच बोलायची, शेडमधल्या गमती सांगायची. तिने अबोला धरला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं.

भर दुपारी घरातच ती बाळंत झाली. चौथीही मुलगी. बाळ रडलं, पण बारकीचं रक्त थांबेना. सुईण घाबरून हात धुऊ लागली. नवरे दूर कामावर होते. थोरली अनवाणी इस्त्रीवालीकडे धावली. बारकी आता गटात नाही, ही गोष्ट कुणी तोंडातून काढली नाही. गटाचे होते ते पैसे घेऊन बायकांनी टेम्पो आणला.

टेम्पोत बारकीचं डोकं थोरलीच्या मांडीवर होतं.

"माझ्या जिभेने झालं गं हे," थोरली म्हणाली.

बारकीने डोळे उघडले नाहीत. "पोरींना शेडमध्ये घालू नका," एवढंच ती बोलली.

दवाखान्यात रक्त नव्हतं. ते दुसरीकडून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

चारही मुली पडद्याच्या थोरलीकडच्या बाजूला झोपू लागल्या. वर्ष व्हायच्या आत सासूने धाकट्यासाठी नवी सून आणली. नुकती वयात आलेली, हसरी पोर. थोरलीने एका दुपारी तिला समोर बसवून सगळं सांगितलं; नळावरचं स्वतःचं बोलणंही लपवलं नाही. पोरीने शेवटपर्यंत मन लावून ऐकलं, डोळेही पुसले.

"मला आधी एक मुलगा होऊ दे, जाऊबाई," ती म्हणाली. "मग घेईन मी सुई."

थोरलीने धाकटीला मांडीवर घेतलं.

"बरं. पण मंगळवारी नुसती बसायला तरी चल. पैसे तरी तुझे राहतील."

पोर उठून सासूला विचारायला गेली. सासू नको म्हणाली.