आलो असतो

भिंगकाकांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी फ्रेंच शिकायला सुरुवात केली, तेव्हा चष्म्याच्या दुकानात सगळ्यांनी त्यांची यथेच्छ फिरकी घेतली. दुकानाच्या मागच्या खोलीत ते काचा घासायचे. गिऱ्हाइकाची फ्रेम आली की तिच्या मापाने काचेची कड चाकावर धरायची, पाण्याची धार चालू ठेवायची आणि केसभर जास्त घासली जाऊ नये म्हणून श्वास रोखायचा. पस्तीस वर्षं हेच काम. भिंगकाका हे नावही त्यातूनच पडलेलं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, आता काचा फ्रेंचमध्ये घासणार का?" काका हसले. शिकण्याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

कारण होतं नात. अकरा वर्षांची. तिला त्यांनी फोनच्या पडद्यावर सोडून कुठेच पाहिलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला म्हणून दूरदेशी गेली आणि तिथल्याच एका शाळामास्तराशी तिने लग्न ठरवलं. ठरवून मग कळवलं. काकांच्या मनात अढी बसली ती तिथे. पोरीने आधी विचारलं असतं तर आपण नाही म्हणालो नसतो, असं ते स्वतःला बजावत राहिले, पण लग्नाला गेले नाहीत. बायकोला सांगितलं की मालक रजा देत नाही. त्यानंतर मुलीचे फोन यायचे ते आईला. बाप शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचा आणि एकही ओळ वाचायचा नाही. अशी अकरा वर्षं गेली. मग मुलगी आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. व्हिसाची कागदपत्रं हातात पडेपर्यंत सगळं उरकलंही होतं.

जावई माणूस सरळ. दर रविवारी दुपारी दहा मिनिटं तो नातीला फोनवर बसवू लागला. पण नात फ्रेंच सोडून काही बोलेना आणि आजी-आजोबांना फ्रेंचचा गंध नाही. दहा मिनिटं नुसतं हसायचं, हात हलवायचा, आजीने डोळे पुसायचे. तिसऱ्या रविवारनंतर काका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत नाव घालून आले.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या, करड्या आवाजाच्या आणि चुकीला माफी नसलेल्या. वर्गात पाच जण: एक नर्स, एक स्वयंपाकी, परदेशी निघालेले दोघे भाऊ आणि काका. काकांचं पाठांतर बघून बाई चकित व्हायच्या. चाकाच्या घरघरीत ते क्रियापदं म्हणायचे, त्यामुळे कोणाला ऐकू जायचं नाही. दीड वर्षात त्यांना नातीचं बरंचसं बोलणं कळू लागलं. शाळा, मांजर, पोहण्याचा क्लास. नात त्यांना 'व्हू' म्हणायची, म्हणजे तुम्ही. काकांना त्याचं फार कौतुक. पोरीने लेकीला वळण लावलंय, असं त्यांनी बाईंना अभिमानाने सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या की तिकडे मुलं आजोबांना 'तू'च म्हणतात. 'व्हू' परक्या माणसाला.

काका त्या दिवशी बस सोडून घरी चालत गेले.

पावसाळा संपता संपता बाईंनी तो काळ शिकवायला घेतला. फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा घडलेल्या गोष्टींचा काळ नाही. घडू शकल्या असत्या, पण घडल्या नाहीत, अशा गोष्टींचा आहे. केलं असतं, दिलं असतं, पाहिलं असतं." पुढे त्यांनी खाचाखोचा सांगितल्या. बहुतेक क्रियापदं एका सहायक क्रियापदाच्या आधाराने चालतात, पण जाणं, येणं, जन्मणं, मरणं यांना दुसराच सहायक लागतो. स्वयंपाकी कुरकुरला की आपल्याकडे सगळ्याला एकच 'असतं' पुरतं, यांनाच कसली एवढी हौस. सगळे हसले. काका हसले नाहीत. ते वहीत लिहीत होते: 'झ सरे व्हन्यू.' मी आलो असतो. आधी त्यांनी चुकीचा सहायक लिहिला होता, तो खोडून नीट केला.

"आणि लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "हे वाक्य एकटं लंगडं असतं. त्याच्या आधी 'जर' हवं."

प्रत्येकाने आपापलं एक वाक्य लिहायचं होतं. नर्सने लिहिलं, पाऊस आला नसता तर मी चादरी धुतल्या असत्या. भावांनी एकमेकांचं बघून लिहिलं. काकांनी लिहिलं, मालकाने रजा दिली असती तर मी आलो असतो. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. व्याकरण अगदी बिनचूक, म्हणाल्या. काकांचे कान तापले. तरी पुढचे चार दिवस चाकावर काच धरून ते हेच वाक्य घोकत राहिले, जिभेवर गुळगुळीत होईपर्यंत. कारण गेल्या रविवारी नातीने आईच्या लग्नाचे फोटो पाहत असल्याचं सांगितलं होतं आणि विचारलं होतं, यात तुम्ही कुठे आहात?

रविवार आला. बायको नेहमीसारखी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला शब्द कळत नसत, पण नातीचा चेहरा तिला पुरे असे. नात पडद्यावर आली. केस ओले होते. काकांनी इकडचं तिकडचं विचारलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "लग्नाला मी आलो असतो." सहायक बरोबर लागला. उच्चारही.

नातीने मान तिरकी केली. "सी क्वा?"

जर काय?

काकांनी तयार ठेवलेलं वाक्य काढलं. जर मालकाने रजा दिली असती. एकही अक्षर चुकलं नाही.

नातीने कपाळावरचे ओले केस मागे सारले. मग तिने सावकाश, त्यांना समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत सांगितलं की मामाँने, म्हणजे तिच्या आईने, तेव्हा दुकानात फोन केला होता. तिला मालकाची समजूत घालायची होती. तर मालक म्हणाले, रजा मी केव्हाच दिली आहे. मामाँने हे तिला आजारपणात सांगितलं. रागाने नाही सांगितलं, असंही ती म्हणाली.

काकांना सगळं कळलं. दीड वर्षापूर्वी यातलं एक अक्षर कळलं नसतं. ते हात हलवून हसले असते आणि दहा मिनिटं संपली असती.

म्हणजे मुलीला माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं, आणि पुढची अकरा वर्षं आईशी फोनवर बोलताना तिने ते एकदाही ओठांबाहेर काढलं नव्हतं. बापाची लाज तिने झाकून ठेवली होती.

"काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नात वाट पाहत होती. हट्ट, मानापमान, रुसवा, यातला एकही शब्द त्यांना फ्रेंचमध्ये येत नव्हता. येत होतं ते अगदी सोपं, पहिल्या महिन्यात शिकलेलं क्रियापद.

"सी झाव्हे व्हुल्यू," ते म्हणाले. जर मला यायचं असतं.

नात म्हणाली, "दाकोर." बरं. तिने फोन बापाकडे दिला. जावयाने हवापाण्याचं काहीतरी विचारलं, काकांनी काहीतरी उत्तर दिलं आणि फोन संपला.

बायकोने पुन्हा विचारलं. खोटं बोलता आलं असतं. तिला पडताळून पाहता येणार नव्हतं. पण काकांच्यात आता तेवढं त्राण नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, खाली बघून, फरशीच्या एकाच चौकोनाकडे पाहत.

तिने ओढलेली खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. मग म्हणाली, "तिला सांगितलंत. मला तेरा वर्षांत सांगितलं नाहीत."

पुढच्या रविवारी जावयाने फोन उचलला आणि मुलगी पोहायला गेल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही ती पोहायला गेली होती. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फ्रेंचमध्ये लिहिलेला निरोप आला. निरोप मऊ होता. सध्या तिला बोलायचं नाही, तिला वाटेल तेव्हा ती स्वतः फोन करेल, तोवर आपण आग्रह करू नये. काकांनी तो शब्दकोश न उघडता वाचला.

शिकवणी त्यांनी सोडली नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी पुढचा धडा घेतला, त्यांनी तोही उतरवून घेतला. दुकानात एका काचेची कड त्यांच्या हातून जास्त घासली गेली, मग आणखी एकीची. आता दुकान बघणाऱ्या मालकाच्या मुलाने दोन्ही काचा उजेडात धरून पाहिल्या. मग तो नाजूक कामं दुसऱ्याकडे देऊ लागला.

घरात बायको कामापुरतं बोलायची. भाजी आणली का, गॅस बंद केला का. एका संध्याकाळी ती इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि अचानक वर न बघता म्हणाली, "किती दिवसांची दिली होती?"

"काय?"

"रजा."

"पंधरा दिवसांची," काका म्हणाले.

"मग तुम्ही रोज डबा घेऊन कुठे जात होतात?"

"दुकानातच. जाणं रद्द झालं म्हणून सांगितलं मालकांना."

तिने शर्टाच्या बाह्या मागे दुमडल्या, कॉलर सरळ केली. "मी बॅग भरून ठेवली होती. तिला द्यायची साडी वर होती, चुरगळू नये म्हणून." ती थांबली. "रजेचं खोटं सांगितलं नसतंत, नुसतं मला यायचं नाही एवढं म्हणाला असतात, तर मी एकटी गेले असते."

काकांना वाटलं होतं की ती एकटी कुठे जाणार. तेव्हा वाटलं होतं, परवापर्यंतही वाटत होतं. आता ते बोलण्यात अर्थ नव्हता. तिने घड्यांचा गठ्ठा उचलला, त्यांचे कपडे त्यांच्या कप्प्यात ठेवले आणि दिवा लावायला आत गेली. काका बाहेरच्या खोलीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने आतून ताट वाढल्याचं सांगितलं. एकच ताट वाढलेलं होतं. तिचं जेवण झालं होतं.