दहावा खंड कुणाकडे आहे?

या, जरा जवळ सरका. ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही, आणि मागं बसलात तर निम्मी वाऱ्यावर जाईल. गोष्ट एका वाचनालयाची आहे, एका टेलरमास्तरांची आहे, आणि थोडी माझ्या शहाणपणाची. शेवटचं आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं मन मोकळं होईल: शहाणपण नडलं.

वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर मी एकतीस वर्षं बसले. पुस्तक आत यायचं, शिक्का बसायचा, पुस्तक बाहेर जायचं. मग वरच्यांनी ठरवलं की वाचनालय नुसत्या पुस्तकांवर चालत नाही. खिडकी गेली, तिच्या जागी पांढरं गोल टेबल आलं. दारावर 'समुदाय केंद्र' अशी मोठी पाटी लागली आणि तिच्या पायाशी, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरांत, 'वाचनालय'.

खोटं कशाला बोलू? चांगलंही पुष्कळ झालं. मासिकांच्या खोलीत आता तान्ही बाळं घेऊन आया बसतात. नोकरीचे अर्ज भरून द्यायला एक गृहस्थ येतात. बुधवारी नर्स रक्तदाब मोजायची. तळघरात शिवणयंत्रं मांडलीत, कुणीही यावं, फाटलेलं शिवावं. पूर्वी दुपारी आम्ही माशा मारायचो, आता पाय ठेवायला जागा नसते. गर्दी बघून मला भरूनच येतं. माणसं जमली की देवही जवळपास असतो, असं मी मानते. माझा राग गर्दीवर नाही.

तर मास्तर. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर मान मोडून काम केलं, गावाची वेस ओलांडली नाही. दुकान बंद केल्यावर रोज दुपारी तीनला वाचनालयात यायचे आणि कोपऱ्यातल्या कपाटातून एकच पुस्तक काढायचे. एका जहाजावरच्या डॉक्टरानं लिहिलेलं प्रवासवर्णन. बारा खंड, एकेक विटेएवढा. ऐंशी वर्षांपूर्वी छापलेलं, पुन्हा कुणी छापलं नाही. पाठीवर लाल चिठ्ठी, म्हणजे इथंच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. मास्तर एक प्रकरण वाचायचे, पुस्तक जागेवर ठेवायचे आणि चारला घरी जाऊन ते काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगायचे.

काकू तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कंबर गेली, जीभ मात्र शाबूत. मी एकदा भेटायला गेले होते तेव्हा मास्तरांचं सांगणं ऐकलं. काय सांगता! वादळ आलं की उठून उभे राहायचे, खलाशांची गाणी आपल्या चालीत म्हणायचे, हातातली मोजपट्टी शिडाच्या दोरीसारखी ओढायचे. कीर्तनाला बसल्यासारखी मी जमिनीवर बसून राहिले, हातातला चहा गार झाला तरी कळलं नाही. नवव्या खंडाच्या शेवटी ते जहाज पाणी भरायला एका बेटाला लागतं, डॉक्टर औषधी मुळ्या शोधत आत जातो, आणि मागं वळून बघतो तर जहाज निघालेलं.

"आणि मग?" काकूंनी विचारलं.

"मग दहावा खंड," मास्तर म्हणाले. "सोमवारपासून."

"अहो, त्या बिचाऱ्याला सोमवारपर्यंत उपाशी ठेवणार? स्वतः मात्र जेवाल दोन वेळा."

आता माझ्या नशिबानं त्याच आठवड्यात यादी आली. ज्या पुस्तकाची पाच वर्षांत संगणकावर नोंद नाही, ते रद्द. यादीत कोपऱ्यातलं सगळं कपाट होतं, लाल चिठ्ठीचं सगळं. मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे केंद्राच्या नव्या समन्वयक, माझ्या भाचीच्या वयाच्या. मनानं सोन्यासारखी मुलगी, पण कायम घाईत.

"मॅडम, ही पुस्तकं बाहेर जातच नाहीत. माणसं इथंच बसून वाचतात."

"मग नोंद कुठाय, मावशी?"

"नोंद कशी असेल? बाहेर जात नाहीत ना."

"तेच म्हणतेय मी. जात नाहीत."

"अहो, टेलरमास्तर रोज वाचतात."

"मास्तर? ते तर आपले स्टार आहेत! खाली सगळ्यांना काज करायला शिकवतात. त्यांचा फोटो आपण दारात लावणार आहोत."

भिंतीशी बोललं असतं तर निदान आपलाच आवाज परत आला असता.

तेव्हा मी डोकं चालवलं. तपासणी सोमवारी होती. तोवर बारा खंडांची नोंद झाली की संगणकावर त्यांच्यापुढे हिरवा ठिपका पडणार, आणि ठिपका पडलेलं पुस्तक वाचणार. तुम्ही म्हणाल, नुसती नोंद करायची आणि पुस्तकं कपाटातच ठेवायची. आलं होतं मनात. पण एकतीस वर्षांत मी एक खोटी नोंद केली नव्हती. देव वरून बघत असताना पुस्तक आत आणि नोंद बाहेर, हे माझ्या हातून कसं होणार? म्हणून मी खास परवानगीची नोंद टाकली आणि आमच्या ओळखीच्या बारा वाचकांना एकेक खंड खरोखर घरी दिला. आठ दिवस ठेवा, परत आणा. दहावा नर्सबाईंनी घेतला. दहावा मास्तरांनाच द्यायला हवा होता, हे मला कळत नव्हतं का? पण मास्तरांकडे कार्ड नव्हतं. बसून वाचायला कार्ड लागत नाही, आणि नवं कार्ड मोबाईलवरच निघतं. मास्तरांचा मोबाईल फक्त बोलतो.

"असू दे," मास्तर म्हणाले. "आठ दिवस कळ काढीन. गोष्टही मोक्याच्या जागी थांबली आहे."

शनिवारी कपाटातली बाकीची पुस्तकं खोक्यात गेली. सोमवारी मॅडम तपासणीच्या समितीला घेऊन कोपऱ्यात आल्या. संगणकावर बारा हिरवे ठिपके चमकत होते. कपाटात मात्र धूळ.

"वा!" समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "हे रिकामंच आहे की. अडचण गेली."

"अहो, रिकामं नाही, बारा खंड आठ दिवसांत परत..." मी म्हणेपर्यंत मोजमाप सुरू झालं होतं. संध्याकाळच्या आत कपाट दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी तिथं गाद्या घातलेल्या पायऱ्या आल्या. तरुण मंडळी तिथं बसतात आणि भिंतीला वायरी लावून फोन चार्ज करतात.

पुस्तकं वाचली, त्यांची जागा गेली. माझ्या हातानं रिकामं झालेलं कपाट माझ्या डोळ्यांदेखत नेलं.

पुढचं ऐका. वाचक खंड परत करायला आले. आता पुस्तक माणसाच्या हातात द्यायचं नाही, दारातल्या यंत्राच्या तोंडात सरकवायचं. यंत्र पुस्तकाची जागा शोधतं. जागा सापडेना, म्हणून 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' असं म्हणत पुस्तक बाहेर ढकलायचं. अर्ज भरून देणारे गृहस्थ चारदा खंड सरकवून आले आणि मला म्हणाले, "ताई, हे यंत्र माझ्या सासऱ्यासारखं आहे. काहीही न्या, परतच देतो." मी दोन खंड टेबलाखाली ठेवले. मॅडमनी लगेच हटकलं, "मावशी, तिथं नको हं, टेबलाखालचं सगळं दिसतं." मग काय करणार? मी सगळ्यांना सांगितलं, तूर्त घरीच ठेवा, मी काहीतरी करते. अकरा जणांनी ठेवले.

नर्सबाई मला भेटल्याच नाहीत. त्यांची बदली झाली होती. जायच्या दिवशी त्यांनी यंत्राच्या तोंडात तीनदा पुस्तक घातलं, तीनदा बाहेर आलं. गाडी चुकायला आलेली. दुसऱ्याचं पुस्तक नेणं मनाला पटेना, म्हणून सरळपणे ते दाराजवळच्या 'घ्या आणि ठेवा' फळीवर ठेवून गेल्या. त्या फळीवर कुणीही काहीही ठेवावं, कुणीही काहीही न्यावं. संध्याकाळपर्यंत दहावा खंड कुणीतरी नेला. हे सगळं मला त्यांनी नंतर फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या.

मी धावत मॅडमकडे गेले. "त्या फळीवरून पुस्तक कुणी नेलं, कळेल का?"

"नाही ना मावशी. तीच तर तिची गंमत आहे, नोंदच नसते!"

एकतीस वर्षांत मी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "नोंद नाही म्हणून कपाट रिकामं केलंत, आणि आता नोंद नाही ती गंमत?" मॅडम घाबरल्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन तास बसून त्यांनी जगभरातली वाचनालयं संगणकावर धुंडाळली. दहावा खंड कुठंच निघाला नाही. मग दारातल्या पडद्यावर सूचना लावली. ती आठ सेकंद दिसते, नंतर मास्तरांचा काज करतानाचा फोटो येतो.

मास्तर आता रोज या वाचकाकडून त्या वाचकाकडे जातात. कुणाच्या स्वयंपाकघरात बसून, कुणाच्या जिन्यात. पण अकरावा त्यांनी उघडलेला नाही. "अकराव्यात डॉक्टर परत जहाजावर असणार," ते म्हणाले, "नाहीतर पुस्तक लिहिलं कुणी? पण सुटला कसा, हे ठाऊक नसताना पुढचं हिला काय सांगू?" जुनेच खंड पुन्हा वाचतात, की सांगायची सवय मोडू नये.

गेल्या आठवड्यात मी मास्तरांच्या घरी गेले. मास्तर खुर्चीवर बसले होते. मला बघून जरा चाचरले, मग काकूंकडे वळून म्हणाले, "ऐक. दहावा मिळाला. तर डॉक्टरनं झाडाच्या ओंडक्यांचा तराफा बांधला, आणि देवाचं नाव घेऊन..."

काकूंनी तीन वाक्यं ऐकली. हात वर केला.

"अहो, थांबा. डॉक्टर देवाचं नाव घेत नाही. नऊ खंडांत एकदाही घेतलं नाही. हे तुम्ही बोलताय."

चोरी पकडल्यासारखी आम्ही दोघं खाली बघत राहिलो.

"राहू दे त्याला बेटावर," काकू म्हणाल्या. "मी काय, इथंच आहे. पण लवकर शोधा हो. पाणी भरायला उतरले होते ना? म्हणजे निदान प्यायला पाणी तरी असेल त्याला."

मी बाहेर आले तेव्हा माझी मूठ वळलेली होती, आणि मारायला समोर कुणीच नव्हतं. मॅडम वाईट नाहीत, नर्स वाईट नाही, समितीचे गृहस्थही घरी कुणाचे तरी चांगले आजोबा असतील. भांडू कुणाशी? देवाशी भांडले, तो ऐकून घेतो.

तुम्ही एवढं जवळ बसून ऐकलंत, तर माझं एक मागणं आहे. कधी कुणाच्या घरी, टेबलाचा पाय डगमगू नये म्हणून खाली सरकवलेलं, विटेएवढं जाड जुनं पुस्तक दिसलं, तर वाकून बघा. आणि नाही दिसलं, तरी झोपताना काकूंची आठवण ठेवा. त्या रोज दुपारी चारला दाराकडे मान वळवतात.