बक्षीसपत्राची घाई

खाली चष्म्याचं दुकान आणि वर घर अशी ती दुमजली इमारत आईच्या नावावर होती. बहात्तराव्या वर्षी आईने ठरवलं, आपल्या हयातीतच ती एकुलत्या एका मुलीला देऊन टाकायची. करसल्लागारही तेच म्हणत होता. "काकू, नव्या वारसाकराच्या कायद्यात आत्ता बक्षीस दिलंत तर कर निम्मा. ही सवलत उद्या संपते. तुमच्या मागे इमारत वारसाहक्काने आली, तर ताईंना कर भरायला दुकानच विकावं लागेल."

मुलगी वीस वर्षं त्याच दुकानात भिंगं घासत आली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण त्या बुधवारी सल्लागाराच्या कचेरीत बसून ती शुक्रवारचाच विचार करत होती. गेल्या आठवड्यात तिने छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. आईला तिने अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

सल्लागार मसुदा वाचून दाखवत होता, पण तिचं लक्ष कुठलं? इमारत माझी झाली आणि माझंच काही बरंवाईट झालं तर? मूलबाळ नाही. नवरा सात वर्षं वेगळा राहतो, पण घटस्फोट काही घेतलेला नाही. म्हणजे सगळं त्याच्या घशात. स्वतःच्या बापाचं घर फुंकून टाकलेला माणूस आईला जिना तरी चढू देईल का?

"कर गं सही," आई म्हणाली. "पेन काय खातंय तुला?"

मुलीने टोपण काढलं, पुन्हा लावलं. "साहेब, आईच्या आधी मी गेले तर?"

"ताई, असं अभद्र कशाला बोलता? सहसा..."

"सहसाचं राहू द्या. काय होईल ते सांगा."

तो गोंधळला. त्याने दोन पानं उलटली. "यात तशी सोय नाही केलेली. काकूंचा हक्क उरणार नाही."

आई वळून मुलीकडे बघत राहिली. "काय झालंय तुला?"

मग लपवणं जमलं नाही. मुलीने खाली बघत सगळं सांगून टाकलं.

"आणि हे पोटात ठेवून इथे कराच्या गोष्टी ऐकत बसलीस?" आईचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "ऊठ. डॉक्टर कोण आहे तुझा?"

"आई, सवलत उद्या संपतेय. केवढे पैसे जातील!"

"जाऊ दे. सरकारचं तरी भलं होईल."

शुक्रवारी दोघी गेल्या. गाठ वाईटच होती, पण वेळेवर सापडली होती. शस्त्रक्रिया झाली, औषधं सुरू झाली. सहा महिने आईने एकटीने दुकान ओढलं. बरं वाटू लागल्यावर मुलीने आधी घटस्फोटाचा अर्ज केला. नवऱ्याने बरीच घासाघीस करून सही दिली.

पुढच्या वर्षी नवं बक्षीसपत्र झालं. आई मरेपर्यंत तिथेच राहणार, आणि मुलगी आधी गेली तर इमारत परत आईची. कर मात्र पुरता भरावा लागला. त्यासाठी आईने मुदतठेवी मोडल्या, तरी थोडं कर्ज काढावं लागलंच.

दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्या आठवड्यात आई मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटीला जाऊ देत नाही. मुलगी कुरकुर करते, पण तिच्यासोबत जाते.