सरांच्या बागेतली कात्री

मी कात्री बोलतेय. कापड बेतणारी नव्हे आणि केस कापणारी तर नव्हेच. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी काढून टाकते ती, बारीक चोचीची. माझ्या कामाला विरळणी म्हणतात. घडात दाटी झाली की कोणालाच फुगायला जागा मिळत नाही, म्हणून बारके मणी मी कच्चेच खाली पाडते. उरलेले टपोरे होतात, पेटीत बसून परदेशी जातात. पडलेल्यांवरून माणसं चालत जातात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे बहिरूआप्पांची बाग आहे. त्यांनी मला विकत आणलं आणि लंकाबाईच्या हाती दिलं. लंकाबाई पेठकडची, डोंगरातली. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन बागेतल्याच खोलीत राहायला आली. मी दिवसभर तिच्या हातात नाहीतर कमरेला, त्यामुळे तिच्याशी कोण काय बोलतं ते सगळं माझ्या कानावर यायचं.

आप्पांचा मुलगा हर्षल शाळेत गणित शिकवतो. त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे 'सर' म्हणतात, आप्पासुद्धा. आणि माणूस त्या मानाचा आहे, खोटं कशाला बोलू? लंकाबाईची पूजा तेव्हा शाळा सुटून घरी बसली होती. एकदा भाकरी गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद ती वाचताना सरांना दिसली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला आठवीत नेऊन बसवलं. तिच्या बोलण्याला पोरं हसायची, तर सव्वीस जानेवारीला सरांनी तिला माइकसमोर उभं केलं आणि तिच्याच बोलीत डोंगरातली गोष्ट सांगायला लावली. टाळ्या थांबेनात. त्या दिवसापासून पोरीची चालच बदलली. बागेत आईच्या मागेमागे फिरत म्हणायची, "आये, मी पन सरांसारखी शिकवनार."

लंकाबाई नुसती हसायची. पण असं काही ऐकलं की तिचा हात हलका पडायचा, ते मला कळायचं.

नववीत पूजाने गणितात गटांगळ्या खाल्ल्या. शाळेच्या फाटकावर दरवर्षी शंभर टक्के निकालाचा फलक लागतो. तो टिकवायची युक्ती अशी, की जे पोर दहावीत नापास होईलसं वाटतं त्याला आधीच दाखला द्यायचा आणि बाहेरून परीक्षेला बसवायचं. मग ते आपटलं तरी शाळेच्या निकालात धरलं जात नाही. द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

जूनमध्ये सर बागेत आले. आवाज नेहमीसारखाच मायेचा.

"लंकाबाई, पूजाचा दाखला काढून घेऊ. सतरा नंबरचा फॉर्म भरू. घरी बसून अभ्यास करेल, परीक्षा देईल. उगाच ताण नको पोरीवर."

"म्हंजे शाळा बंद, सर?"

"बंद कशी? मी आहे ना. फॉर्म मीच भरून देतो."

"तुमी सांगाल ते बराबर. तुमी नसता तं माझ्या पोरीला कोन इचारत व्हतं?"

आणि दुसऱ्या दिवशी या बाईने काय करावं? गावाहून आणलेलं नागलीचं पीठ पिशवीत भरून सरांच्या घरी देऊन आली. पोरीला शाळेतून काढल्याबद्दल. मला तिचा इतका राग आला, की त्या दिवशी मी तिचं बोटच कापलं.

पूजा खोलीत बसून अभ्यास करायची. सर दिसले की फॉर्मचं विचारायची. "हो हो, लक्षात आहे," सर म्हणायचे. दिवाळीच्या आधी आदर्श शिक्षक म्हणून त्यांचा सत्कार झाला. पूजा मांडवात मागे उभी राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवून आली.

मग विरळणी सुरू झाली, माणसं कमी पडली आणि मी पूजाच्या हातात आले. परवा सर बागेत चक्कर मारायला आले.

"सर, माझा फॉर्म?"

सर थांबले. "अरेरे, तारीख गेली गं. सत्काराच्या गडबडीत राहूनच गेलं. पुढच्या वर्षी नक्की."

सरांनी मला तिच्याकडून घेतलं. "हे बघ पूजा, मण्याची कीव करायची नाही. हा बारका. हा आत दबलेला. हा वाकडा. काढून टाकायचा." वर्गात शिकवतात तसंच, जीव ओतून. मग मला परत देत म्हणाले, "आता तू."

तिने तो घड बघता बघता मोकळा केला.

"शाब्बास," सर म्हणाले. "हात चांगला आहे तुझा."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली. किती महिन्यांनी सरांच्या तोंडून तिला शाब्बास मिळालं होतं.

आता ती जेवायची सुट्टीसुद्धा घेत नाही. सरांना दाखवायचे म्हणून घडामागून घड करत सुटली आहे. पुस्तकं खोलीत तशीच पडून आहेत. बाबांनो, मला बोथट करा, मोडा, भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कोणी या वाटेने आलात, तर मला तिच्या हातातून काढून घ्या. ती आपणहून सोडायची नाही.