काळ्या टेबलाची कड

त्याने मोठ्या हौसेने बैठकीच्या खोलीत काळं टेबल आणलं, तेव्हा बायकोची नजर अधू झाली होती. गडद सतरंजीवर ते तिला दिसायचंच नाही.

"अहो, कडेला पांढरी पट्टी चिकटवा ना."

"एवढ्या देखण्या टेबलाला ठिगळ लावू? बघून चालावं माणसानं."

"बरं. माझा गुडघा तरी टेबलाला शोभेल असा काळा झालाय," असं म्हणून ती हसायची.

ती गेली त्या दिवशी मुलगी तिचे कपडे बदलत होती, तेव्हा गुडघ्यांवरचे काळेनिळे डाग त्याने पहिल्यांदा नीट पाहिले.

पुढच्याच आठवड्यात तो पांढरी पट्टी घेऊन टेबलाशी बसला.

"बाबा, आता कुणासाठी?" मुलीने विचारलं.

"तिने एवढंच मागितलं होतं गं," तो म्हणाला आणि चौथ्या कडेलाही पट्टी लावू लागला.