शैलजाबाईंचा घसा

"अहो, डावीकडनं बकऱ्या येऊन राहिल्या."

शेजारच्या सीटवरून शैलजाबाईंनी सांगताच चंद्रशेखरनी गाडीचा वेग कमी केला. बकऱ्या आणि त्यांच्यामागची म्हातारी सावकाश रस्ता ओलांडून गेली.

"आई, बाबांना दिसतात ना बकऱ्या," मागच्या सीटवरून अंबरीश म्हणाला. "तिलवाऱ्याच्या पुलापासून तुझी कॉमेंट्री चालू आहे. जरा दम घे."

"तुला येते का गाडी चालवता? मग चूप बस."

"शिकवली कोणी? बाबांनी. म्हणून तर नाही येत."

त्याची बायको संपदा हसली. तिच्या आणि अंबरीशच्या मध्ये सात वर्षांची दुर्वा बिस्किटं खात होती. होळीच्या सुट्टीला तिघं पुण्याहून जबलपूरला आली होती आणि पचमढीचा बेत तिथेच ठरला होता.

बाबांना बकऱ्या दिसल्या नव्हत्या. त्यांना काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसे, दोन्ही बाजूंच्या कडा मात्र विझत चालल्या होत्या. स्टिअरिंगला हात लावू नका, असं डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच बजावलं होतं. ते ऐकायला खोलीत फक्त नवराबायको होती, आणि गोष्ट त्या दोघांतच राहिली.

चंद्रशेखरची सारी नोकरी लष्करी ट्रकांची चाचणी घेण्यात गेली होती. नवा ट्रक चढावर, चिखलात, पाण्यातून पळवायचा आणि कुठे जरा वेगळा आवाज आला की रिजेक्ट म्हणून परत धाडायचा. साहेबाच्या सांगण्यावरूनही त्यांनी कधी वाईट ट्रक पास केला नव्हता. अशा माणसाच्या हातून चावी काढून घेणं शैलजाबाईंना जमलं नाही. त्या शेजारी बसू लागल्या आणि दोन्हीकडचं बोलून दाखवू लागल्या. भाजीबाजार, दवाखाना, गोहलपुरातला मेकॅनिक, सगळीकडे. लोक त्यांना कटकटी म्हणू लागले. त्यांनी ते नाव मुकाट्यानं लावून घेतलं.

पण आज मागे दुर्वा होती. निघण्याआधी त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "संपदाला चालवू द्या ना. ती तर रोजच चालवते तिकडे."

"ही एक ट्रिप, शैला. मग ठेवतो चावी."

दिवाळीत अमरकंटकला जातानाही ते हेच म्हणाले होते.

पचमढीला पोचेपर्यंत शैलजाबाईंनी म्हशी, सायकली, खड्डे, वळणं, उसाच्या ट्रॉल्या, सगळं सांगितलं होतं. महादेवाच्या गुहेत तर आणखी कठीण. आत अंधूक उजेड, वरून पाणी ठिबकतंय, फरशी ओली, घंटांचा गजर आणि गर्दी.

"अहो, पायरी. डावीकडं कठडा आहे, धरा. अहो, डोकं सांभाळा." घंटांच्या वर आवाज चढवत त्या त्यांच्या मागोमाग चालल्या. पदर डोक्यावर घ्यायचंही सुचलं नाही. थंड पाण्यानं त्या पाठीपर्यंत भिजल्या.

"आई, देव उठून बसेल," अंबरीश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात शैलजाबाईंनी चहा मागायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. नुसती हवा.

"अरे वा, आज गाडीत शांती," अंबरीश म्हणाला. "बाबा, तुमचा आराम आहे."

चंद्रशेखर हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि बॅगा गाडीत ठेवू लागले. तासभराच्या उताराच्या रस्त्यात ते इतके हळू गेले की मागून प्रत्येक जीप हॉर्न देत पुढे निघून गेली. शैलजाबाई हातानं खुणा करत होत्या. पण खुणा बघायच्या तर रस्त्यावरून नजर काढावी लागे.

वाटेत गरम पाण्याच्या कुंडांपाशी थांबले. पाण्यातून वाफ निघत होती, गंधकाचा वास पसरला होता. संपदानं बाटलीत पाणी भरून आणलं. "आई, निववून गुळण्या करा, बरं वाटेल." शैलजाबाईंनी गुळण्या केल्या. आवाज काही आला नाही. बाजूच्या कुंडात दुर्वा पाय सोडून बसली होती आणि आजोबांना पाणी किती गरम आहे ते सांगत होती.

मग सगळे गाडीत बसले. चंद्रशेखरनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. डावीकडून एक बाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन मागच्या चाकाच्या वाटेत आली आणि बादली खाली ठेवून वाकली. शैलजाबाईंनी पाहिलं. तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

गाडी हिसका खाऊन बंद पडली. बाईनं मान वर करून पाहिलं, बादली उचलली आणि आपल्या वाटेनं गेली. तिला काही कळलंही नव्हतं.

"काय झालं, आई?" संपदानं विचारलं.

चंद्रशेखरनी वळून बादली घेऊन जाणाऱ्या बाईला पाहिलं. मग त्यांनी चावी काढली.

"रिजेक्ट आहे," ते म्हणाले.

"काय, गाडी?" अंबरीशनं विचारलं.

"गाडी एकदम ठीक आहे. ड्रायव्हर." ते वळून सुनेशी बोलू लागले. "मला बाजूचं दिसत नाही, संपदा. काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. ही सांगत होती, म्हणून चालवून राहिलो होतो."

अंबरीश आईकडे पाहू लागला. "म्हणजे तू जे बोलत होतीस..."

संपदानं आधी दुर्वाचा पट्टा नीट केला. "बाबा, मला सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. "आई, तुम्ही पण." मग तिनं चावी घेतली.

तिनं सीट पुढे ओढली, आरसे फिरवले. अंबरीश तिच्या शेजारी आला; मागे शैलजाबाईंजवळ बसलेल्या चंद्रशेखरनी "डावा आरसा जरा..." एवढंच म्हटलं आणि थांबले. आरसा बरोबर होता.

गाडी पुन्हा घाटाला लागली. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता. शैलजाबाईंना ते दिसत होतं. त्यांचंही तेच झालं होतं. समोर ट्रॅक्टर आला की ओठ हलत. संपदा ट्रॅक्टरला वाट देई आणि पुढे जाई. पाच-सहा वळणांनंतर शैलजाबाईंनी पाठ सीटला टेकली. आपण इतके महिने गाडीत पाठ टेकलीच नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"शैला," चंद्रशेखर हळूच म्हणाले, "बाहेर काय दिसून राहिलं?"

त्यांनी बाहेर पाहिलं. रस्ता सोडून दुसरं काही पाहायची त्यांना सवयच राहिली नव्हती. त्या नवऱ्याच्या कानाशी झुकल्या आणि उरलेल्या आवाजात कुजबुजल्या, "पळस फुललाय."

"कोणत्या बाजूला?"

"दोन्ही."

चंद्रशेखरनी आधी पूर्ण मान डावीकडे वळवली आणि बराच वेळ पाहिलं. मग उजवीकडे.